स्वीट पीसाठी खोल खणांचा ट्रे: तीन हिवाळ्यांनंतरचं माझं मत

स्वीट पीची, म्हणजे त्या सुवासिक फुलांच्या वेलाची, रोपं हिवाळाभर सांभाळायची असतील तर खोल खणांचा ट्रे जरूर घ्या. मात्र बिया उगवल्या की त्याचं झाकण काढून ठेवा आणि खालच्या ताटलीला आधीच भोकं पाडून घ्या. खोक्यावर यातलं काहीच छापलेलं नव्हतं. झाकणाची गोष्ट मला शेजारच्या प्लॉटवरच्या आजोबांनी सांगितली. भोकांची गोष्ट पेरलेल्या सगळ्या बिया कुजल्यावर कळली.

मी इंग्लंडात डर्बीला राहते. मूळची भंडारा जिल्ह्यातली, साकोलीकडची. इथल्या घराला अंगण म्हणावं असं काही नाही, म्हणून 2018 पासून अलॉटमेंटवर, म्हणजे भाजी-फुलं लावायला भाड्याने मिळणाऱ्या सामायिक जागेत, अर्धा प्लॉट घेतलाय, सव्वाशे चौरस मीटरच्या आसपास. त्यात मेथी, कोथिंबीर, बटाटे आणि कडेला आठ फूट लांब बांबूंची रांग. ही रांग फक्त स्वीट पीसाठी. भाजीची जागा फुलांना दिली म्हणून घरात सुरुवातीला थोडी कुरबुर झाली होती, पण मे महिन्यात स्वयंपाकघरात पहिला गुच्छ आला आणि तो विषय पुन्हा निघाला नाही.

ट्रे सप्टेंबर 2022 मध्ये घेतला, 16 पौंडांना. अशा रचनेचे ट्रे बरेच जण बनवतात आणि सगळे थोडेफार सारखेच असतात, म्हणून कंपनीचं नाव लिहीत नाही. माझ्या ट्रेत 24 खण आहेत. प्रत्येक खण अरुंद, चौकोनी आणि बारा-तेरा सेंटिमीटर खोल. चार-चार खणांची एक पट्टी, आणि ती पट्टी बुडाशी बिजागरीने जोडलेली. म्हणजे रोप काढायच्या वेळी पट्टी पुस्तकासारखी उघडायची, रोप ओढावं लागत नाही. खणांच्या आतल्या भिंतींवर वरून खाली उभ्या खाचा आहेत आणि बूड उघडं आहे. सगळ्या पट्ट्या एका चौकटीत दाटीने बसतात, खाली ताटली, वर पारदर्शक झाकण.

स्वीट पीला एवढी खोल जागा का लागते? बी उगवलं की आधी एक मूळ सरळ खाली धावतं. वर दोन पानं दिसायला लागतात तोवर ते साध्या लहान कुंडीच्या तळाला टेकलेलं असतं. मग ते तिथेच गोल गोल फिरतं आणि गुंडाळी होते. अशी गुंडाळलेली मुळं पुढे जमिनीत लावली तरी लवकर सरळ होत नाहीत. या ट्रेत मूळ खाचेला धरून खाली जातं, उघड्या बुडाशी हवा लागली की त्याचं टोक सुकून थांबतं आणि वरच्या बाजूने नवी मुळं फुटतात. हे मी खोक्यावर वाचलं होतं, पण पटलं ते मार्च 2023 मध्ये पहिली पट्टी उघडली तेव्हा. पट्टीचे दोन्ही पाखे बाजूला झाले आणि आत मातीची चार उभी कांडी जशीच्या तशी उभी. प्रत्येक कांड्यावर पांढरी मुळं वरून खाली, पावसाची धार काचेवरून उतरावी तशी. एकही मूळ आडवं गेलेलं नव्हतं. मी ती पट्टी हातात धरून बराच वेळ बघत बसले होते.

पण त्याआधीची तीन वर्षं सांगायला हवीत, नाहीतर हा खर्च का केला ते कळणार नाही.

2020, 2021 आणि 2022, तिन्ही वर्षी मी स्वीट पी मार्चअखेर पेरली, साध्या कुंड्यांत. वेल वर चढायचे, पहिलं फूल जुलैच्या सुरुवातीला यायचं आणि तेवढ्यात ऊन तापायचं. 2022 मध्ये तर 19 जुलैला लिंकनशरमधल्या कोनिंग्सबीला 40.3 अंश तापमान नोंदलं गेलं. या देशात त्याआधी कधीच चाळिशी गाठलेली नव्हती. माझे वेल तेव्हा नुकते फुलायला लागले होते. दोन दिवसांत कळ्या पिवळ्या पडून गळाल्या, खालची पानं कागदासारखी वाळली. आठ फुटांच्या रांगेतून त्या वर्षी मला जेमतेम चार गुच्छ मिळाले.

शेजारच्या आजोबांचे वेल मात्र मेपासून फुलत होते. गरमीत तेही गेले, पण तोवर त्यांनी दोन महिने फुलं कापली होती. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, मी ऑक्टोबरात पेरतो, रोपं थंडीत बाहेरच राहतात. मला ते पटेना. एवढंसं नाजूक रोप, आणि डिसेंबरात बाहेर?

त्याच आठवड्यात आईशी व्हिडिओवर बोलताना मी तिला वाळलेला वेल दाखवला. तिने चष्मा वर केला, फोन जवळ घेतला आणि म्हणाली, "हे तं आपली लाखोरी हाये वो बाई! उन्हाळ्यात काऊन पेरली?"

आणि खरंच, स्वीट पी म्हणजे लाखोरीची, लाखेच्या डाळीच्या रोपाची, सख्खी बहीण. तेच चपटं, कडेला पंख असलेलं खोड, तीच जोडीने येणारी पानं, तेच कुरळे ताणे. लाखोरीचं शास्त्रीय नाव लॅथिरस सॅटिव्हस, स्वीट पीचं लॅथिरस ओडोरॅटस. आमच्याकडे धान कापायला दहा-पंधरा दिवस असताना बांधीतल्या ओल्या चिखलात लाखोरी फेकून पेरतात. धान निघतं, लाखोरी राहते, थंडी अंगावर घेते आणि होळीच्या आधी घरात येते. हिवाळ्याच्या सकाळी धसकटांमधून निळ्या फुलांचा पट्टा दूरवर दिसायचा. बाबा बांधावर उभे राहून तो बघायचे. मी ते रोप हजार वेळा पाहिलं होतं, आणि तरी त्याच कुळातलं फूल इथे तीन वर्षं उन्हाळी पिकासारखं पेरत होते.

स्वीट पी मुळात सिसिलीची. फ्रान्सेस्को कुपानी नावाच्या तिथल्या साधूने 1699 मध्ये तिच्या बिया एन्फिल्डच्या रॉबर्ट युव्हेडेलना पाठवल्या आणि तिथून ती इंग्लंडभर झाली. सिसिलीत पाऊस पडतो तो शरदात आणि हिवाळ्यात. बी तेव्हा उगवतं, थंडीत मुळं पसरतं, वसंतात फुलतं आणि उन्हाळा लागला की शेंगा वाळवून संपतं. हे सरळ रब्बीचं गणित आहे. पाकिटावर "मार्च-एप्रिलमध्येही पेरता येईल" असं असतं, आणि तसं पेरलं तर फुलं येतातही, पण रोपाला मुळं धरायला जो थंड काळ हवा असतो तो आपण त्याच्याकडून काढून घेतो.

तर मग ट्रे आला आणि 15 ऑक्टोबर 2022 ला मी पहिल्यांदा रब्बी पेरली.

भरताना एक अडचण येते ती आधीच सांगते. 24 खणांना साधारण पाच लिटर कंपोस्ट लागतं आणि खण अरुंद असल्यामुळे मध्येच पोकळी राहते. वरून भरलेलं दिसतं, आत हवा असते. ट्रे ओट्यावर चार-पाच वेळा चांगला आपटायचा, पुन्हा भरायचं, पुन्हा आपटायचा. मग प्रत्येक खणात एक बी, बोटाचं अर्धं पेर खोल. बिया आदल्या रात्री भिजत घालायच्या का यावर इथे प्रत्येकाचं वेगळं मत आहे. मी अर्ध्या भिजवल्या, अर्ध्या कोरड्या पेरल्या. दोन दिवसांच्या वर फरक दिसला नाही, तेव्हापासून भिजवत नाही. उगवेपर्यंत ट्रे घरात, रेडिएटरपासून लांब. दहाव्या दिवशी पहिला कोंब दिसला. 24 पैकी 21 उगवल्या.

झाकणाबद्दल मला तक्रारच करायची आहे. ते पातळ आहे, वर दोन छोट्या फटी आहेत आणि त्यांतून हवा जवळजवळ खेळतच नाही. उगवण झाल्यावर मी ते चार दिवस तसंच ठेवलं, कारण खोक्यावरच्या चित्रात रोपांवर झाकण होतं. चार दिवसांत रोपं बोटभर लांब आणि दोऱ्यासारखी बारीक झाली, झाकणातून पाण्याचे थेंब टपकायला लागले आणि एका कडेला राखाडी बुरशी धरली. आजोबांनी बघितलं आणि आधी झाकण उचलून बाजूला ठेवलं. ते म्हणाले, हिला ऊब नको, उजेड आणि वारा हवा. झाकण बियांपुरतं ठीक आहे, रोपांसाठी मुळीच नाही. ट्रेच्या किमतीत झाकणाचे पैसे धरले असतील तर ते वाया आहेत.

त्या दिवसापासून ट्रे बाहेर, कोल्ड फ्रेममध्ये. ही म्हणजे चार फळ्यांची पेटी, मागची फळी उंच, पुढची बुटकी, वर तिरपी काच. माझी काच कुणीतरी टाकून दिलेल्या खिडकीची आहे. दिवसा काचेखाली विटेचा तुकडा सरकवून ती उघडी ठेवायची, उणे तीनच्या खाली जाणार असेल तरच पूर्ण बंद करायची. पाणी पंधरा-वीस दिवसांतून एकदा, तेही बोट खुपसून माती कोरडी लागली तरच. थंडीत रोपं गारठ्यापेक्षा जास्त मरतात ती ओलीने.

दोन-तीन पानांच्या जोड्या आल्या की शेंडा खुडायचा. हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. हरभऱ्याचे शेंडे खुडत मी लहानाची मोठी झाले. शेंडा गेला की बुडाशी दोन-तीन फुटवे येतात आणि तेच पुढे जोरकस वेल होतात. हरभऱ्याचे खुडलेले शेंडे घरी आणून भाजी करायचो, लाखोरीचीही भाजी व्हायची. इथे मात्र तसं करू नका. नावात "पी" आहे म्हणून कुणी मटार समजेल, पण स्वीट पीच्या बिया आणि शेंगा विषारी असतात. घरात लहान मुलं असतील तर शेंगा धरू देऊ नका आणि बियांचं पाकीट डाळींच्या डब्यांजवळ ठेवू नका. लाखोरीनेही जास्त खाल्ली तर पाय लुळे पडतात म्हणून 1961 साली तिच्या विक्रीवर बंदी आली होती. आमच्या भागातल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको.

मग डिसेंबर 2022 आला. सातएक तारखेपासून दहा दिवस जी थंडी पडली ती कुणीच विसरलं नसेल. अलॉटमेंटवर माझ्या थर्मामीटरने उणे सात दाखवलं. सकाळी गेले तर खणांतली माती दगड झालेली. बोटाने टकटक केली तर आवाज यायचा. रोपं आडवी पडलेली, पानं गडद हिरवी आणि ओलसर, उकडलेल्या पालकासारखी. मला रडू आलं. ट्रे उचलून घरी न्यावा म्हणून हात लावला तेवढ्यात आजोबा लांबून ओरडले, हात लावू नकोस! गोठलेलं रोप एकदम उबेत नेलं तर ते नक्की मरतं, त्याला आपल्या चालीने वितळू दे, असं त्यांचं म्हणणं. मी घरून गोधडी आणली, आईने जुन्या लुगड्यांची शिवलेली, आणि काचेवर पसरली. रात्री गोधडी, दिवसा काढायची, असं आठ दिवस केलं. कामावर जायच्या आधी, पहाटे टॉर्च घेऊन.

एकोणीस तारखेला हवा एकदम पालटली, दहाच्या वर गेली. दुपारी जाऊन बघितलं तर पंधरा-सोळा रोपं उभी होती. दुसऱ्या दिवशी आणखी तीन. शेवटी 21 पैकी दोनच गेली, आणि ती दोन्ही चौकटीच्या कोपऱ्यातली होती. कडेच्या खणांना थंडी जास्त लागते, तेव्हा ट्रेच्या भोवती जुनी वर्तमानपत्रं खोचून ठेवा.

24 मे 2023 ला पहिलं फूल उमललं. मटुकाना जातीचं, वरची पाकळी गडद जांभळट लाल, खालच्या दोन निळसर जांभळ्या. ही जुनी, छोट्या फुलांची जात आहे, आणि वास म्हणाल तर एका काडीने खोली भरते. मोगऱ्याचा गोडवा, त्यात मधाची आणि संत्र्याच्या फुलांची छटा. सोबत पेंटेड लेडी होती, गुलाबी आणि पांढरी, आणि काही लाटदार पाकळ्यांच्या स्पेन्सर. स्पेन्सरची मूळ जात ऑलथॉर्पच्या बागेत सायलस कोल या माळ्याला मिळाली, 1901 मध्ये ती लोकांसमोर आली. दिसायला ती सर्वांत देखणी, देठही लांब, पण माझ्याकडे तिचा वास मटुकानाच्या जवळपासही आला नाही. फक्त एकच पाकीट घेणार असाल तर मटुकाना घ्या.

फुलं एक दिवसाआड कापत राहायची. चार दिवस गावाला गेलात आणि शेंगा धरल्या की वेलाला वाटतं आपलं काम झालं, आणि फुलणं थांबतं. त्या वर्षी मी मेअखेर ते जुलैअखेर फुलं कापली. मी दवाखान्याच्या फार्मसीत काम करते. तिथल्या खिडकीत दर सोमवारी आणि गुरुवारी एक गुच्छ असायचा, आणि औषधं घ्यायला आलेली माणसं नंबर येईपर्यंत तिथेच उभी राहायची.

दुसऱ्या वर्षी मला ताटलीने फसवलं. ऑक्टोबर 2023 मध्ये पेरल्यावर ट्रे मी घरात न ठेवता थेट फ्रेममध्ये ठेवला आणि काच उघडी राहिली. त्याच आठवड्यात बाबेट वादळ आलं. डर्बीत डरवेंट नदी इतकी वर चढली की पूर्वीचे सगळे आकडे मागे पडले. आमचं अलॉटमेंट उंचावर आहे, तिथे पूर आला नाही, पण दोन दिवस सतत पाऊस पडला. ट्रेची ताटली सपाट, कडा उंच आणि भोक एकही नाही. ती काठोकाठ भरली आणि खणांची उघडी बुडं पाण्यात बुडून राहिली. तिसऱ्या दिवशी एक बी उकरून बघितलं तर ते बोटात पिठासारखं विरघळलं. चोवीसच्या चोवीस गेल्या. बुडाला हवा लागावी हेच ज्या ट्रेचं मर्म, त्याच्याखाली पाणी साठणारी ताटली द्यायची, ही चूक बनवणाऱ्यांची आहे आणि ती मी त्यांना लिहूनही कळवली. उत्तर आलं नाही. 4 नोव्हेंबरला नवीन बिया आणून पुन्हा पेरल्या, फुलं जूनच्या पहिल्या आठवड्यात आली.

त्याच हिवाळ्यात उंदरांनीही सहा खण उकरले. उंदराला या बिया कशा पचतात देव जाणे, पण त्याला त्या फार आवडतात. आता उगवण होईपर्यंत ट्रेवर बारीक जाळी आणि तिच्या चारही बाजूंना विटा.

तिसऱ्या हिवाळ्यात दोन पट्ट्यांच्या बिजागऱ्या तडकल्या. थंडीत प्लॅस्टिक ठिसूळ होतं, आणि मी त्या रोपं लावायच्या दिवशी गोठलेल्या सकाळीच उघडल्या होत्या. दुपारी ऊन पडल्यावर उघडल्या असत्या तर टिकल्या असत्या. तडकलेल्या पट्ट्या रबराने बांधून वापरता येतात. 16 पौंडांत तीन हिवाळे झाले आणि अजून दोन तरी निघतील, त्यामुळे पैशांबद्दल माझी तक्रार नाही.

स्वस्तात करायचं असेल तर टॉयलेट रोलच्या नळ्या सगळे सुचवतात. मी 2022 मध्येच सहा नळ्या शेजारी ठेवून बघितल्या. मार्चमध्ये पेरून सहा आठवड्यांत लावायचं असेल तर त्या ठीक, पण ऑक्टोबर ते मार्च हे पाच महिने पुठ्ठा टिकत नाही. जानेवारीत त्यांना पांढरी बुरशी आली आणि उचलताना बूड हातात राहिलं. त्यापेक्षा दुधाचे रिकामे लिटरचे खोके, बूड कापून, उभे दाटीने लावलेले, हे जास्त चांगलं. मूळ गुंडाळत नाही आणि खोका ओला होऊन फाटत नाही. फक्त रोप काढताना खोका उभा चिरावा लागतो.

पुण्या-नागपूरकडे कुणी लावणार असेल तर ही हिवाळा सांभाळायची यातायातच नाही. ऑक्टोबरात पाऊस सरला की खोल कुंडीत थेट पेरा, जानेवारी-फेब्रुवारीत फुलं येतील, मार्चचं ऊन लागलं की वेल आवरेल. तिकडे हा ट्रे घेऊ नका, पैसे वाया जातील.

यंदा, 2025 मध्ये, उन्हाळा इतका तापला की आजोबांचे मार्चमध्ये पेरलेले जादाचे वेल फुटभरही वर आले नाहीत. माझे ऑक्टोबरातले 13 मेला फुलायला लागले आणि जुलैच्या मध्यापर्यंत चालले. त्यांनी या वेळी माझ्याकडून मटुकानाच्या शेंगा मागून घेतल्या. मी वाळवलेल्या बिया एका कागदी पुडीत बांधून त्यांना दिल्या, वर "खाऊ नका" असं मोठ्या अक्षरात लिहून.

गेल्या आठवड्यात मी दुसरा ट्रे मागवला, त्याच रचनेचा. झाकण खोक्यातून काढलंच नाही. ताटली ओट्यावर उलटी ठेवली आणि माती आणायच्या आधी तिला सहा भोकं पाडून घेतली.